मागची दोन चाकं

लातूरच्या एका कॉलेजात मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. दाब, बल, घर्षण, फळ्यावर मला सगळं तोंडपाठ येतं. घरी मात्र माझी ख्याती वेगळी आहे. एखादी वस्तू बिघडली की ती कशामुळे बिघडली यापेक्षा कोणामुळे बिघडली, हे मला आधी हवं असतं. गेल्या श्रावणात याच स्वभावानं मला अख्खा दिवस जीपखाली पाठीवर झोपवलं.

माझं गाव मुखेड तालुक्यात. वडील, म्हणजे आमचे बापू, तिथंच राहतात. माय त्याच्या आदल्या श्रावणात गेली. ती गेली तेव्हा बापू नांदेडच्या दवाखान्यात होते, खुबा मोडलेला, पायाला वजन लावलेलं. मायला आम्ही आमच्याच शेतात अग्नी दिला. बापूंना ते मोबाइलवर दाखवावं की नाही यावरून आम्ही भावंडं दवाखान्याच्या जिन्यात भांडलो आणि शेवटी दाखवलं नाही. पुढं होळीपर्यंत ते लातूरला माझ्याकडं खाटेवरच होते. काठी धरून चालायला लागले तसे गावी गेले, पण शेताकडं काही फिरकले नाहीत. मी चला म्हटलं की एकच उत्तर यायचं, "रिकाम्या हातानं काय जाऊ तिच्यापुढं? वर्षाचा निवद घेऊनच जाईन."

वर्षश्राद्ध पडत होतं श्रावणात, आणि श्रावणात आमच्या शेताची वाट म्हणजे काळ्या मातीचा लगदा. चार पावलांत चपलेला एवढी माती चिकटते की पाय उचलेना. तिथं बापूंना कोसभर चालवणं शक्यच नव्हतं. ट्रॅक्टरवर चढायला त्यांचा खुबा वाकत नव्हता आणि ट्रॉलीत पोत्यासारखं पडून जायला ते तयार नव्हते. म्हणून मी औशाच्या एका ओळखीच्या माणसाकडून जुनी जीप घेतली. बायको म्हणाली, एका दिवसासाठी जीप? मी म्हटलं, त्या एका दिवसासाठीच.

काळ्या रानात नुसती जीप असून भागत नाही. मागच्या दोन चाकांपैकी एक चिखलात घसरायला लागलं की इंजिनाचा सगळा जोर त्या घसरणाऱ्या चाकाकडंच जातो. दुसऱ्याच्या खाली चांगली घट्ट जमीन असली तरी ते आपलं निवांत बसून राहतं. यावर उपाय म्हणून मागच्या आखाच्या पोटात, डिफरन्शियलमध्ये, लॉक बसवतात. समोरचं बटण दाबलं की एक छोटा कॉम्प्रेसर बारीक निळ्या नळीतून हवा आत ढकलतो, दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात आणि फिरली तर जोडीनंच फिरतात. लातूरच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रीनं ते बसवून दिलं. नळीला दगड लागू नये म्हणून त्यानं ती आखाच्या उजव्या अंगाला चिकटवून नेली होती. माझ्यासमोर चाचणी झाली आणि उन्हाळा सरता सरता मी जीप गावी आणली.

बापूंनी गाडीची पूजा केली. मला नारळ आणायला दुकानात पाठवलं. मी परत आलो तेव्हा ते मागच्या उजव्या चाकाशी स्टूलवर बसून हात पुसत होते आणि बाजूला पक्कड पडली होती. मी नारळ फोडला. पक्कड कशाला लागली हे विचारायचं काही सुचलं नाही.

मग पेरणीपुरतं पडून पावसानं ओढ दिली ती थेट श्रावण लागेपर्यंत. जीप दारात उभी राहिली. तिथीच्या आधी तीन दिवस झड लागली आणि दोन दिवस राहिले असताना मी एकटा वाट बघून यायला निघालो. नाल्याच्या उतारावर गाडी बसली. मी बटण दाबलं. उजवं चाक गरगरा फिरून चिखल उडवत होतं, डावं ढिम्म. शेजाऱ्याच्या बैलांनी ओढून काढली तेव्हा कुठं घरी आलो.

बैलांमागं येणारी जीप बापूंनी ओसरीतून पाहिली. निवदासाठी त्यांनी घासूनपुसून ठेवलेला पितळी डबा मांडीवर होता. त्यांनी तो हळूच खाली ठेवला. "राहू दे, लेकरा," ते म्हणाले, "घरूनच हात जोडतो."

ते रागावले असते तर मला सोसलं असतं. त्यांच्या त्या समजुतीच्या आवाजानं माझं डोकं फिरलं आणि मी तो राग मेस्त्रीवर काढला. फोनवर त्याला तुझं काम कच्चं, तुझा माल खोटा, असं बरंच ऐकवलं. त्यानं सगळं ऐकून घेऊन दोनच गोष्टी विचारल्या. कॉम्प्रेसर थोडा वेळ चालून आपोआप बंद होतो का? बटण दाबल्यावर व्हॉल्व्ह टक् वाजतो का? दोन्ही होत होतं. मग तो म्हणाला, गळती असती तर कॉम्प्रेसर थांबलाच नसता, म्हणजे हवा वाटेतच अडकली आहे. "आधी नळी बघा, सर. पोटाला हात लावू नका." मी फोन ठेवला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोटालाच हात लावला. हाच विषय मी शिकवतो, मला काय सांगतो तो! गिअर ऑइल परातीत काढलं, मागचं झाकण उघडलं, हातातल्या बॅटरीच्या उजेडात दात न् दात तपासला. आत काही म्हणजे काही बिघडलेलं नव्हतं. उलट त्या माणसाचं काम इतकं नेटकं होतं की मलाच लाज वाटायला लागली. झाकण लावलं, तेल भरलं, तोवर दुपार झाली.

शेवटी दोन्ही मागची चाकं जॅकवर उचलली. बापू म्हणाले, मला बसव एका चाकापाशी, मला काही तरी करू दे. मी त्यांना डाव्या चाकाशी स्टूलवर बसवलं आणि स्वतः उजव्याशी बसलो. मी माझं चाक हातानं पुढं फिरवायचं आणि त्यांनी त्यांचं कुठं जातं ते सांगायचं. लॉक नसताना ते उलटं जातं, लॉक लागल्यावर सोबत यायला हवं. मी बटण दाबून यायचो, चाक फिरवायचो, आणि पलीकडून बापू सांगायचे, "उलटंच फिरायलंय." दहा वेळा तरी झालं असेल. दहाव्या वेळीही ते तेवढ्याच आशेनं बघत होते, हे मला गाडीखालून दिसत होतं.

मग मी मेस्त्रीचं ऐकलं. नळी आखाकडच्या टोकाला सोडवून पाहिली, तर हवेचा पत्ता नाही. व्हॉल्व्हपाशी सोडवली, तर फस्सकन हवा. मी परत खाली शिरलो आणि नळीवरून बोट फिरवत आलो. उजव्या अंगाला, चिखलाच्या थराखाली, बोटाला तार लागली. चिखल खरवडला तर तारेखाली कापड होतं, मायच्या हिरव्या इरकलीची चिंधी.

दर पेरणीच्या आधी माय बैलगाडीच्या आखाला आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. पुढं ट्रॅक्टर आला तर त्यालाही बांधली. गेलेलं माणूस सुखरूप परत येतं, असं म्हणायची. आता ती नव्हती, म्हणून तिच्या वाटचं काम बापूंनी केलं होतं. चिंधी सुटू नये म्हणून वरून तार गुंडाळून पकडीनं चांगली पिळली होती, आणि त्या पिळात निळी नळी चपटी होऊन गेली होती. काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालून आलो होतो. मला रडू आलं. गाडीखाली होतो म्हणून बरं.

"काय सापडलं का?" बापूंनी विचारलं.

"नळी दबली होती."

"कशानं?"

"दगडानं," मी म्हटलं.

घरामागं जाऊन मेस्त्रीला फोन केला आणि माफी मागितली. त्याला मात्र खरं सांगितलं. तो म्हणाला, "काढून टाकू नका ती. डाव्या अंगाला बांधा, तिकडं नळी न्हाई." मी तशीच बांधली, त्याच तारेनं. नळीचा चपटा झालेला तुकडा कापून दोन्ही टोकं जोडली. बटण दाबून उजवं चाक फिरवलं. पलीकडून बापू हळू आवाजात म्हणाले, "संगं आलं."

श्राद्धाच्या दिवशी बापू माझ्या शेजारी बसले, मांडीवर पितळी डबा. नाल्यात जीप तिरकी झाली, घसरली, मग दोन्ही चाकांनी जमीन धरली आणि ती सावकाश वर चढली. बापूंचं लक्ष वाटेकडं नव्हतंच. ते पुढं लिंबाच्या झाडाकडं बघत होते, जिथं मायला अग्नी दिला तिथं आम्ही बांधलेल्या ओट्याकडं.

ओट्यावर त्यांनी निवद ठेवला आणि कडेला बसून मायशी बोलले. खुबा आता कसा आहे, सोयाबीन कुठवर आलं, आणि यायला एक वर्ष उशीर झाला, हे सगळं त्यांनी तिला सांगितलं. मी लांब उभा होतो, तरी ऐकू येत होतं.

बोलून झाल्यावर ते तसेच बसून राहिले. समोर जीपची पाठ होती. नाल्याच्या पाण्यानं आख धुऊन निघाला होता आणि डाव्या अंगाला हिरवी चिंधी स्वच्छ दिसत होती. बापू तिच्याकडं बराच वेळ बघत राहिले.

"दगड लई शहाणा दिसतो," ते म्हणाले. "उजवीकडची चिंधी सोडून डावीकडं बांधून गेला."

मी चपलेला चिकटलेल्या मातीकडं बघायला लागलो. बापूंनी ओट्यावर हात ठेवला, जसा ते मायच्या खांद्यावर ठेवायचे, आणि तिला म्हणाले, "पोरगं तुझ्यावरच गेलंय. खोटं बोललं की खाली बघतंय."