काचेच्या नळीत तेलकट डोकं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी, कारण तो गाढवपणा आठवला की माझ्या तळपायाला अजून घाम फुटतो!

टायफॉइड उतरला आणि दोन-अडीच महिन्यांनी माझे केस निघाले. निघाले म्हणजे काय, मोर्चा काढून निघाले! उशीवर केस, ताटात केस, कंगव्यात तर अख्खं अस्वल. पडायला आलेल्या घरातनं भाडेकरू आधी बाहेर पडतात ना? तसंच काहीतरी मला वाटायला लागलं. आत मोठं काहीतरी बिघडलंय, आपलं काही खरं नाही! बायकोला, मंगलला, मात्र मी ठणकावून सांगितलं, "तुझ्या तिखट रश्श्यानं केस गेल्यात!"

डॉक्टरांनी रक्त तपासलं. "लोह कमी आहे, त्यात तापाचा दणका. थायरॉइड ठीक आहे. या गोळ्या तीन महिने घ्या. ऑक्सिजन थेरपी हवी तर करू, काचेच्या नळीत झोपून शुद्ध ऑक्सिजन घ्यायचा; पण ती नुसती जोड. खरं औषध गोळ्याच."

मी ऐकलं फक्त ऑक्सिजन.

महिन्याभरानं आलेल्या थेरपीच्या दिवशी आंघोळ करून डोक्याला चांगलं पळीभर तेल थापलं. आमच्यात कोरड्या डोक्यानं बाहेर पडलं तर गल्लीतली माणसं विचारतात, "कोण गेलं वो घरात?" सुतकात तेल लावत नाहीत ना!

तिथं सिस्टरनं सुती कपडे दिले, मोबाइल काढून घेतला आणि विचारलं, "काका, तेल लावलंय काय?"

"छ्या! कातडीच तकतकीत हाय माझी."

"बरं झालं. आत ऑक्सिजन असतोय. तेलानं आग लागायची भीती."

आता सांगा, शहाण्या माणसानं इथं काय केलं असतं? पण बाहेरच्या बाकावर मंगलसकट सात माणसं बसलेली. त्यांच्यासमोर खोटं पडायचं? मी तसाच आडवा झालो. काचेच्या लांबलचक नळीत मला सरकवलं. डोळे घट्ट मिटले.

सुर्रर्र... आवाज सुरू झाला. कानात दडे बसले. तेलाचा एक थेंब कपाळावरनं नाकाकडं निघाला आणि माझ्या डोळ्यांसमोर दिवाळीची पणतीच आली. वात कोण? मी!

उशाशी माइक होता. मी त्यावर बोंबललो, "मंगल! मी चाललो! तेल लावलंय गं मी, पळीभर!"

बाहेर बाक सरकल्याचा आवाज.

"जाता जाता खरं सांगतो! तुझ्या रश्श्याचा काय दोष न्हाय! गोळ्या मी घेतल्याच न्हाईत! पोट बिघडायचं म्हणून रोज म्हशीच्या पेंडीत टाकत हुतो! माझ्या म्हाताऱ्या आईला सांभाळ गं! माफ कर मला!"

आणि रडलो हो! पंचावन्न वर्षांचा गडी, हुंदके देऊन रडलो.

तेवढ्यात कुणीतरी माझा अंगठा हलवला. पायाचा! बंद नळीत? डोळे उघडले तर पायाशी सिस्टर. हातात शाम्पू आणि टॉवेल.

"काका, दार उघडंच हाय की! तुमाला सरकवतानाच तेलाचा वास आला मला. मशीन चालूच केलं न्हाय अजून."

"मग त्यो सुर्र आवाज?"

"एसी हाय त्यो."

मी पायांकडनं सरपटत बाहेर आलो. दारात सातही माणसं उभी. एक आजोबा तर हात जोडून. पुढं मंगल, कमरेवर हात. मला वाटलं, आता ही आग लावणार, ऑक्सिजनशिवाय!

तिनं माझं डोकं निरखून पाहिलं आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तरीच! मी म्हणते, एवढ्यात म्हशीच्या अंगावर एवढं दाट केस कसं काय आलं!"