पाणी मोजणारे अप्पा

कुठलंही पाणी दिसलं की अप्पा आधी काठी शोधत. तिच्यावर चाकूनं बोटाबोटाच्या अंतरावर खुणा करत, काठाशी पाण्यात रोवत आणि मग दर तासाला जाऊन बघून येत. आयर्लंडमधल्या मलिंगारपासून तासाभरावर तळ्याकाठी एक वनोद्यान आहे. २०२०च्या ऑगस्टमध्ये आम्ही तिथे तंबू ठोकत होतो, तेव्हा हे सत्तरीचे गृहस्थ पँट दुमडून गारढोण पाण्यात उभे! उद्यानाचा रखवालदार माझ्याजवळ येऊन म्हणाला, "युवर मॅन मासे धरतोय का?" इथे कुणालाही 'युवर मॅन'च म्हणतात. मी म्हटलं, नाही, पाणी मोजतायत. त्यानं एकदा तळ्याकडे पाहिलं, एकदा अप्पांकडे, आणि "ग्रँड" म्हणून, म्हणजे चालू दे म्हणून, निघून गेला.

अप्पा म्हणजे माझ्या शेजारच्या संजयचे वडील. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कृष्णाकाठी पाण्याची पातळी वाचायची नोकरी. पावसाळ्यात दर तासाला आकडा बघायचा, वहीत लिहायचा आणि खालच्या गावांना कळवायचा. फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी नातीकडे आले आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकून पडले. काकू गुडघ्यांमुळे आल्याच नव्हत्या. रोज सकाळी नऊला अप्पांचा त्यांना फोन. बोलणं काय, तर "जेवलीस? काय केलं हुतंस?" एवढंच, पण चुकायचं नाही.

मी मलिंगारच्या हॉस्पिटलात डॉक्टर. मूळची पुण्याची, त्यामुळे दुसऱ्याची चूक काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. अप्पांशी माझं रोज वाजायचं. मी ड्यूटीवरून आले की ते कुंपणापलीकडून विचारत, "डाक्तरीणबाई, आज पेशंट किती?" मी दमलेली, म्हणायची, "ठीक आहे हो, बरं चाललंय." की झालं! "बरं म्हंजी किती? पानी कसं हाय ते इचारू न्हाई, किती हाय ते इचारावं. बरं हाय म्हटलं की मानूस झोपतंय, आन् झोपल्यालं मानूस वाहून जातंय."

एकदा म्हणे गावात कुणी बडा पाहुणा यायचा होता. साहेबांनी सांगितलं, आज आकडा जरा कमी कळवा, उगाच धावपळ नको. अप्पांनी वही पुढे सरकवली. "साहेब, तुमच्या हातानं लिवा आन् खाली सही करा." साहेबांनी पेन उचललं नाही. ही गोष्ट अप्पा निदान दहा वेळा सांगत आणि दर वेळी शेवटी म्हणत, "त्या राती दोन वाड्या हालवल्या आमी."

ऑगस्टमध्ये काकूंना कोविड झाला. तिकडे जिल्ह्याच्या एका हॉस्पिटलात जागा मिळाली. तिथली एक नर्स भली होती, दिवसातून तीनदा ऑक्सिजनचा आकडा मला पाठवायची. संजय माझ्या दारात येऊन उभा राहिला. "अप्पांना सांगू?" त्यानं विचारलं.

मीच म्हटलं, नको. लाज वाटते सांगायला. चार महिने मी इथल्या लोकांना फोन करकरून त्यांच्या आईबापांच्या वाईट बातम्या स्वच्छ शब्दांत सांगत होते. आणि आपल्या माणसाची वेळ आली तेव्हा माझ्यातली डॉक्टर कुठे गेली कोण जाणे! म्हाताऱ्या माणसाला एकदम सांगू नये, धक्का बसेल, जाता तर येणार नाही, मग उगाच झुरतील. आपल्या घराघरांत चालतं तेच शहाणपण. तळ्यावर जायची कल्पनाही माझीच. तिथे रेंज नव्हती, म्हणजे नऊचा फोन आपोआप टळणार होता. वरच्या पार्किंगपर्यंत चढून गेलं की रेंज येई, नर्सचे मेसेज मिळत, आणि मी काहीतरी निमित्त काढून चढत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले तर अप्पा घडीच्या खुर्चीत बसले होते. संजय चहा गाळत होता.

"बसा, डाक्तरीणबाई," अप्पा म्हणाले. "तीन दिस झालं, समदी माझ्याशी लई ग्वाड बोलत्यात. सून रोज शिरा करतीया. तुमी माझ्या बोलन्याला हसताय, एरवी भांडता. आकडा किती?"

"कसला आकडा, अप्पा?"

"जो बगाया तुमी वर जाताय."

संजयच्या हातातली गाळणी तशीच राहिली. मी म्हटलं, "ऐंशी."

"पायजे किती?"

"पंच्याण्णव."

"काल?"

"अठ्ठ्याऐंशी. परवा ब्याण्णव."

त्यांनी जरा हिशेब केला. "उतरतंय म्हंजी. आमच्याकडं उतरलं की सुटलो म्हनायचं."

"आमच्याकडे उलटं, अप्पा."

कोण आजारी आहे, हे त्यांनी विचारलंच नाही. उठून टोपी घातली आणि चढाला लागले. संजयनं हात धरला, तो त्यांनी सोडवला नाही.

वर पार्किंगमध्ये मी व्हिडिओ लावला. नर्सनं फोन काकूंच्या तोंडासमोर धरला. मास्क, अर्धे मिटलेले डोळे, छाती भात्यासारखी चाललेली. अप्पांनी टोपी काढली. "अगं, मी हाय," ते म्हणाले. "घराची काळजी करू नगंस. पोरगं हितं झ्याक हाय, नात झ्याक हाय." "तू हो म्होरं," शेवटी म्हणाले, "मी येतोच मागनं." काकूंनी ऐकलं की नाही, मला माहीत नाही. पापणी हलली असं संजयला वाटलं. मी नाही म्हटलं नाही. दुपारी दोनच्या सुमारास त्या गेल्या.

आम्ही तंबू आवरायला घेतले. अप्पा खुंट्या उपटून एकेक फडक्यानं पुसत होते. संजय शेजारी गवतात बसून हुंदके देत होता आणि ते मधूनमधून त्याच्या पाठीवर हात ठेवत होते. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "परवा बोलत हुती का ती?"

"हो."

"काय म्हनत हुती?"

नर्सचे मेसेज माझ्या फोनमध्येच होते. दुसऱ्या कुणापुढे मी सहज खोटं बोलले असते.

"ह्यांना फोन लावून द्या, म्हणत होत्या."

"मग?"

"मी कळवलं, आत्ता नको."

अप्पांनी खुंटी पुसून पिशवीत टाकली. "किती येळा म्हनली?"

"तीनदा," मी म्हटलं.

ते पुढच्या तंबूकडे गेले. ऑक्टोबरात विमान मिळेपर्यंत अप्पा आमच्या शेजारीच होते, पण मला एका शब्दानं बोलले नाहीत. चार शिव्या घातल्या असत्या तर मी त्यांचे पाय धरले असते.