उसाच्या मेणाची पिवळी वडी

दिनकरराव गेल्याचा निरोप आला तेव्हा मी ओट्याशी उभा राहून चहा गाळत होतो. फोनवर त्यांच्या थोरल्या बहिणीचा, लीलाआक्कांचा आवाज होता. "मास्तर, दिनू उठंना..." एवढेच बोलून त्या थांबल्या. आमच्या दोन घरांमध्ये पाथर्डी फाट्याकडची एक गल्ली आहे. ती मी कशी ओलांडली ते आठवत नाही. दिनकररावांच्या उशाशी चष्मा काड्या मिटून ठेवलेला होता, चपला भिंतीला समांतर होत्या, आणि चेहऱ्यावर एखादी गोष्ट तपासून पाहताना येतो तसा शांत, किंचित साशंक भाव होता. झोपेतच हृदय थांबले, असे डॉक्टर म्हणाले. गाळलेला चहा ओट्यावर तसाच राहिला. त्यानंतरही काही दिवस मी सवयीने दोन कपांचा चहा करीत होतो, कारण सकाळच्या फेरीनंतर ते माझ्याकडेच येऊन बसत.

दिनकररावांनी आयुष्यभर एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम केले. मी शाळेत विज्ञान शिकवले. दोघेही निवृत्त आणि जोडीदाराविना. मी पत्नीच्या जाण्याने, ते अविवाहित राहिल्यामुळे. आक्का ऐन तारुण्यात विधवा होऊन दिंडोरीकडच्या गावातून धाकट्या भावाकडे आल्या आणि त्यांनीच त्याचा संसार सांभाळला. आमची ओळख एका रसवंतीवर झाली. रसवाल्याने चरकात घालण्यासाठी उचललेले उसाचे कांडे या गृहस्थांनी मधेच थांबवले, पेराजवळच्या पांढुरक्या थरावरून अंगठा फिरवला आणि शेजारी उभ्या असलेल्या माझ्यापुढे तो अंगठा धरून विचारले, "हे काय आहे, सांगा पाहू?" मी धूळ म्हणालो. "मेण!" ते म्हणाले. "ऊस स्वतःला उन्हापासून वाचवायला अंगावर मेण चढवतो. द्राक्षाच्या मण्यावर असते तसेच." रसवाला म्हणाला, "काका, कांडी सोडा आता, गिऱ्हाईक खोळंबलंय." पण मला विद्यार्थी सापडल्याचा आनंद झाला होता, त्यांनाही बहुधा तसेच वाटले असावे.

हे मेण जाते कुठे, याचा उलगडा त्यांनी मला पुढे अनेक सकाळी केला. उसाबरोबर ते चरकात जाते. रस स्वच्छ करताना जो काळसर गाळ मागे राहतो, ज्याला कारखान्यात प्रेसमड म्हणतात, त्यात ते अडकून बसते आणि शेवटी खत म्हणून शेतात पडते. तो गाळ वाळवून गरम अल्कोहोलमध्ये घोळला, गाळून घेतला आणि निवू दिला की मेण वेगळे होते. कठीण, चकचकीत, सहजासहजी न वितळणारे. जगाच्या बाजारात अशा मेणाला मान असतो: ओठांना लावायच्या कांडीत, बुटांच्या पॉलिशमध्ये, गोळ्यांच्या आवरणात, फळांच्या सालीवर. आजवर हा मान ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरील मेणाकडे आहे. खनिज तेलापासून निघणारे मेण काही ग्राहकांना नको असते, मधमाश्यांचे काहींना चालत नाही. त्यांना वनस्पतीचे, आणि शक्यतो वाया जाणाऱ्या वस्तूतून निघालेले मेण हवे असते. "जगाला मेण हवंय, मास्तर," ते म्हणत, "पण त्याचं गाव आणि कूळ विचारून हवंय. आपल्याकडे ते खतात पडलंय."

निवृत्तीनंतर त्यांनी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एक छोटा गाळा भाड्याने घेतला, आणि आपल्या जिल्ह्यातल्या गाळाचे मेण त्या ब्राझीलच्या मेणाशेजारी मांडून दाखवायचे, हा एकच ध्यास घेतला. आक्कांना त्या वासाचा तिटकारा होता. "लोकं उसाचा रस पितात, आमचं येडं उसाची मळी उपसतंय," त्या माझ्यासमोरच म्हणत. "दिनू, कपडे अंगणात काढ, मग घरात ये." ते निमूटपणे तसे करीत आणि जेवताना हळूच म्हणत, "आक्का, हेच मेण उद्या परदेशातल्या बायका ओठांना लावतील." आक्का म्हणत, "लावू दे. त्यांना नाक नसंल." खरी अडचण वासाची नव्हती, रंगाची होती. मेण निघे ते हिरवट तपकिरी. खरेदीदारांना हवे असे फिकट सोनेरी, आणि तेही वरून कोणताही रंग न घालता. दिनकरराव ते पुन्हा पुन्हा धूत, गाळत. तपकिरी वड्यांची रांग फळीवर वाढत गेली.

मग एका दसऱ्याला आक्का पहिल्यांदाच गाळ्यावर आल्या. हातात पूजेचे ताट, झेंडूच्या माळा, आपट्याची पाने. वजनकाट्याला, शेगडीला, गाळण्यांना हळदकुंकू लागले. परदेशातल्या एका खरेदीदाराने नमुना मागवला होता, आणि त्यासाठी आणलेले नवे स्टीलचे मोठे पातेले दिनकररावांनी आदल्या दिवशी स्वतः घासूनपुसून झाकून ठेवले होते. त्याचीही पूजा झाली. आम्ही दोघे बाहेर पेढे वाटत उभे होतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी नेहमीप्रमाणे पातेल्याच्या तोंडावर गाळणीचे कापड ताणून बांधले आणि वरून द्रावण ओतले. ते मेण निवले तेव्हा सोन्यासारखे पिवळे होते! वडी घेऊन ते जवळजवळ धावतच माझ्याकडे आले. इतके मोकळे हसताना मी त्यांना त्याआधी पाहिले नव्हते. "मास्तर, जमलं! रंग पाहा!" त्यातली एक वडी मला भेट मिळाली. ती मी खिडकीत ठेवली. नमुना रवाना झाला.

उत्तर आले ते नकाराचे. मेण चांगले आहे, पण त्यात बाहेरून पिवळा रंग मिसळलेला आढळला, अशा अर्थाचे. दिनकररावांवर भेसळीचा आळ... कितीतरी दिवस त्यांनी रसायने तपासली, डबे तपासले, आमच्या फेऱ्या थांबल्या. एका सकाळी मला खिडकीतल्या वडीची उजेडाकडची बाजू फिकटलेली दिसली. मी त्यांना बोलावले. तिचा थोडा कीस आम्ही स्पिरिटमध्ये विरघळवला आणि सातवीच्या मुलांना दाखवतो तो प्रयोग करून पाहिला: धुण्याच्या सोड्याचे पाणी घातले. पिवळे द्रावण लालसर झाले. हळदीचा डाग उन्हात उडतो आणि साबणाने लाल होतो, हे प्रत्येक घरात ठाऊक असते. आक्कांच्या माहेरच्या गावी रिकामे भांडे पुजत नाहीत, हे त्यांच्या तोंडून मीही ऐकले होते. म्हणून त्यांनी नव्या पातेल्यात मूठभर हळद घातली होती. आणि ते भांडे स्वतः स्वच्छ केले आहे, या खात्रीने दिनकररावांनी आत पाहिलेच नव्हते. तळाशी राहिलेला गाळ नेहमीचाच म्हणून धुऊन टाकला होता.

"आक्काला कळता कामा नये," एवढेच ते म्हणाले. खरेदीदाराला त्यांनी कळवले की चूक आपल्या गाळ्यात झाली, दोष आपला. हळद कुणी घातली, हे लिहिले नाही. पुन्हा पाठवलेला नमुना प्रामाणिक होता, म्हणजे तपकिरी होता. त्याला उत्तर आले नाही. एकदा भेसळीची शंका आली की त्या बाजारात दुसऱ्यांदा दार उघडत नाही, हे त्यांनी मला अगदी शांतपणे, धडा समजावून सांगावा तसे सांगितले. इकडे आक्का त्या न पाहिलेल्या खरेदीदाराला नावे ठेवीत राहिल्या: "सोन्यासारखं मेण माझ्या भावाचं, अन् म्हणं रंग मिसळला! त्या गोऱ्यांची नजरच खोटी." दिनकरराव ताटातली भाकरी मोडत, मान खाली घालून म्हणत, "असेल, आक्का."

पुढच्या प्रत्येक दसऱ्याला मात्र ते आक्कांच्या आधी गाळ्यावर जात आणि पातेले काठोकाठ पाण्याने भरून ठेवीत. भांडे रिकामे नाही, तर आत काही घालायचे कारण नाही. आक्का येत, पाण्यात डोकावत, बाहेरून कुंकवाचे बोट लावत आणि फूल वाहत. काम असे चालू राहिले. थोडे मेण इथल्याच बुटपॉलिशवाल्यांकडे जाई. ब्राझीलच्या मेणाशेजारची जागा रिकामीच राहिली. संध्याकाळी बहीणभाऊ घराच्या पुढच्या सोप्यात बसत, टीव्ही चालू असे, आणि त्या एका गोष्टीभोवतीची शांतता मला दारातूनही जाणवे.

यंदा ते भाद्रपदात गेले. दसरा आला तेव्हा घरात सण नव्हता. पण गाळा रिकामा करून द्यायचा होता, म्हणून आक्का म्हणाल्या, "मास्तर, एकदा नेऊन आणा." मी त्यांना रिक्षाने घेऊन गेलो. आत उसाचा तो आंबूस, गोडसर वास अजून होता. आक्कांनी या वेळी नाकाला पदर लावला नाही. फळीवरच्या वड्यांना हात न लावता त्या सरळ पातेल्यापाशी गेल्या. झाकण काढले. आत कोरडे होते.

"पाणी भरा यात," त्या म्हणाल्या.

मी नळाखालून बादल्या आणून ओतू लागलो. त्या पाहत होत्या. पातेले निम्मे भरले तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "हळद माझी व्हती ना, मास्तर?"

मी बादली खाली ठेवली. मी विचारले, "तुम्हाला कधी कळलं?"

"भरलेलं पातेलं पाह्यलं तवाच. दिनू काय असं उगा पाणी भरून ठेवतोय?"

"मग कधी बोलला का नाहीत?"

"त्यानं इतकं जपून भरलेलं... मी कसं सांडू?" मग पदराने पातेल्याचा काठ पुसत म्हणाल्या, "त्याचं मेण खोटं नव्हतं, हे लोकांना कळू दे. तुम्हाला लिहिता येतं, लिहा. माझं नाव घालून लिहा."

म्हणून हे लिहिले आहे. दिनकररावांच्या मेणात खोट नव्हती. ते तपकिरी होते आणि खरे होते. आक्का आता सोप्यात एकट्या बसतात. मी जातो, पण आम्ही दोघेही दारावरच्या पावलांकडे कान ठेवून असतो, हे एकमेकांना सांगत नाही. सकाळी आता एकाच कपाचा चहा होतो. तो घेऊन मी खिडकीशी बसतो. तिथे ती वडी अजून आहे. वरच्या बाजूचा रंग उन्हाने पार उडून गेला आहे. नवख्याला ती साबणाची वाटेल. मी काल ती उचलून उलटी केली. जिथे ऊन कधी पोहोचले नाही, त्या तळाशी ती अजून पिवळीधमक आहे... थोडा वेळ पाहिले, आणि मग ती बाजू पुन्हा खाली करून वडी होती तशीच ठेवली.