पंपातली अक्षता

बायको ट्रक चालवायची आणि मी शेजारच्या सीटवर झोपायचो. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली झोप मला तिथं लागलेली आहे. इथं परदेशात, ब्रॅम्पटनच्या गोदामांच्या लांबच लांब भिंती संपल्या की माझी मान खिडकीकडं कलायची. टायरचा एकसुरी आवाज अंगात भिनायचा आणि त्या आवाजावरून मी इचलकरंजीच्या आमच्या गल्लीत पोचायचो. तिथं दिवसभर माग खटाखट चालायचे. वडील दुसऱ्याच्या मागावर कामाला होते. त्या गल्लीतून इंजिनीयर होऊन निघालेला, आमच्या घराण्यातला कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी. हे मी कुणालाही सांगतो, न विचारता सांगतो. बायको म्हणते, "डिग्री भिंतीवर टांगली आहे ना? मग तोंडानं कशाला वाचून दाखवता?"

ट्रक म्हणजे इथला पिकअप. पुढं केबिन, मागं उघडा हौदा. मी तो जुना घेतला, तेव्हा आधीच्या मालकानं त्याला सुपरचार्जर बसवलेला होता, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारं यंत्र. घेतला मी, पण लळा लागला तिला. त्याला ती हत्ती म्हणायची. चालवताना स्वतःशीच काहीतरी गुणगुणायची, शब्द नसलेलं. ते कानावर पडलं की मी झोपलोच.

मग त्या उन्हाळ्याच्या शेवटी कॅलेडनचा चढ आला. तिथं खडीचे डंपर रांगेनं चाललेले असतात. एकाला मागं टाकायला तिनं पाय दाबला, आणि ऐन वेळी हत्तीनं दम सोडला. इंजिन खोकल्यासारखं अडखळलं, ताकद गेली, मागच्या डंपरनं हॉर्न दिला तो माझ्या झोपेतून आरपार गेला. तिनं कशीबशी गाडी कडेला घेतली. उतरून माझ्या बाजूला आली आणि म्हणाली, "सरका."

त्यानंतर ती त्या सीटवर बसली नाही. स्वतःच्या छोट्या गाडीनं कामावर जायची, पण ट्रकला हात नाही. आता मी चालवायचो आणि ती शेजारी जागी बसायची, एक हात दाराच्या कडीवर. गुणगुणणं बंद. मला ट्रक दुरुस्त करायचा होता हे खरं, पण त्याहून जास्त मला ती परत त्या सीटवर बसायला हवी होती.

दोष सापडायला वेळ लागला नाही. काही गाड्यांत इंजिनाला नको असलेलं पेट्रोल दुसऱ्या नळीनं टाकीत परत येतं. आमच्या ट्रकला ती परतीची नळी नाही. एकच नळी पुढं जाते, आणि किती ढकलायचं ते पंपाला एक छोटा कॉम्प्युटर सांगतो. सुपरचार्जर लावताना आधीच्या मालकानं हवा वाढवली, पंप मात्र मूळचाच ठेवला. चढावर पाय दाबला की कॉम्प्युटर म्हणायचा, आणखी दे. पंप आधीच जीव खाऊन पळत असायचा. कुठून देणार?

मी मोठा पंप मागवला. जुना टाकीच्या आत, टाकी हौद्याच्या खाली. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी हौद्याचे बोल्ट सोडले आणि शेजारच्या सरदारजींना हाक मारली. ते आले, दाढीवरून हात फिरवत उभे राहिले. "भाईसाब, गाड़ी बना रहे हो या टुकड़ों में बेच रहे हो?"

"पहले उठाओ, फिर हँसो," मी म्हटलं.

हौदा एका बाजूनं उचलून टेकू दिला. टाकीचं झाकण फिरवून जुना पंप बाहेर काढला आणि मी आत वाकून पाहिलं. दुपारचं ऊन तिरपं आत उतरलं होतं. तळाशी थोडं पेट्रोल, अगदी नितळ, त्यावर मेपलच्या लाल झाडाच्या प्रतिबिंबाचा एवढासा तुकडा हलत होता. माझा चेहराही असावा. किती वेळ पाहत राहिलो कुणास ठाऊक. वासानं डोकं हलकं झालं तेव्हा मागं झालो आणि भोक झाकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांची पूजा, आणि पूजेतल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. बायकोनं निरांजन घेऊन गॅरेजकडं मोर्चा वळवला तसा मी आडवा आलो. "अगं, पेट्रोल आहे इथं! ज्योत आणू नकोस."

"मग देव आत आणते," ती म्हणाली आणि पाने, पक्कड, नवा पंप, सगळं घरात पाटावर मांडलं.

लहानपणी खंडेनवमीला आमच्या गल्लीतले माग बंद असायचे. झेंडूच्या माळा घातलेले, गप्प. वर्षभर आवाजात वाढलेल्या आम्हा पोरांना त्या शांततेत कान भरून आल्यासारखं वाटायचं. आमच्या ब्रॅम्पटनच्या बैठकीत पाटासमोर हात जोडून उभा होतो तेव्हा तसंच झालं. बाहेर कुणाचा तरी पानं उडवायचा पंखा चालू होता, तो मला ऐकूच येईना.

दसऱ्याला दुपारी पंप उचलला आणि आत काहीतरी खुळखुळलं. पंपाच्या दोन्ही तोंडांवरची प्लॅस्टिकची बुचं गायब.

"बुचं कुठं आहेत गं?"

"मी काढली. झाकलेल्या वस्तूची पूजा कशी करायची? काहून, काय झालं?"

मी पंप उलटा करून ठोकला. एक दाणा पडला, पूजेतल्या अक्षतेचा, हळदकुंकवानं रंगलेला. तिचा चेहरा उतरला. "बाप्पा! म्हणजे मीच बिघडवला असता?"

"निघाला ना? झालं." चिमटा घालून दुसराही दाणा ओढला.

"सगळं निघालं?"

"दिसतंय तेवढं निघालं."

"दिसतंय तेवढं नको मला," ती म्हणाली. "मला त्या चढावर नेणार आहात तुम्ही."

मग गॅरेजचं दार सताड उघडून आम्ही दोघं वाकलो. मी पंपात स्वच्छ पेट्रोल ओतायचो, ती खाली पांढरं फडकं धरायची, चहा गाळावा तसं. फडक्यावर कुंकवाची लाली उतरली. पुढच्या खेपेला दाण्याचा एक तुकडा.

"आता बास," मी म्हटलं.

तिनं तुकडा बोटावर घेऊन उजेडात धरला. "हा अर्धा आहे."

"असू दे की."

"असू कसा दे? अक्षता मी निवडून घेते. तुटका दाणा घेत नाही. अर्धा इथं आहे, तर अर्धा आत आहे."

खरंच होतं. चिमट्यानं मीच मोडला असणार. पुन्हा ओतलं, पुन्हा गाळलं. तिसऱ्यांदा ओतलं तेव्हा उरलेला अर्धा फडक्यावर आला. तिनं दोन्ही तुकडे तळहातावर जुळवले. जुळले. वाऱ्यानं पानं ड्राइव्हवेवरून सरकत होती, आणि ती हसत होती, किती तरी दिवसांनी.

पुढचं काम शांतपणे झालं. जाळी बसवली, पंप टाकीत उतरवला, जाड वायर ओढली, कॉम्प्युटरला नव्या पंपाची ओळख करून दिली. सरदारजींनी हौदा खाली ठेवायला हात दिला आणि बदल्यात श्रीखंड खाल्लं. शेजारच्या सीटसमोर मी पेट्रोलचा दाब दाखवणारा एक काटा लावला, गळती तपासली, कॉलनीत एक फेरी मारून आलो.

पुढच्या रविवारी एकट्यानंच चढावर नेऊन बघायचं असं ठरवलं होतं. निघालो तर ती बूट घालून दारात उभी.

"आधी मी बघून येतो गं."

"दोन्ही अर्धे माझ्या हातात आलेत," तिनं हात पुढं केला. "चावी द्या."

कॅलेडनला झाडं पेटल्यासारखी लाल झाली होती. पुढं खडीचा डंपर. तिनं आरशात पाहिलं, सिग्नल दिला.

"काटा?"

"जागेवर आहे."

"अजून दाबू?"

"दाब."

तिनं दाबलं. हत्तीनं छाती भरून श्वास घेतला आणि वर निघाला. डंपर बाजूला आला, मागं गेला. काटा हलला नाही. चढ संपला तरी मी त्याच्याकडंच बघत होतो.

"सोडा की त्याला आता," ती म्हणाली.

थोड्या वेळानं ती गुणगुणायला लागली, शब्द नसलेलं. माझी मान खिडकीकडं कलली. टायर वाजत होते. गल्लीतला पहिला माग सुरू झाला, मग दुसरा.