परबकाकांनी मागितलेलं तिखलं

"नळी घाला सिस्टर, नाहीतर मी पप्पांना ॲडमिट करतो," नितीन म्हणाला. मी अजून चप्पलसुद्धा काढली नव्हती.

चारकोपमधलं वन रूम किचन. मी होम केअर नर्स. ज्यांचा आजार आता बरा होणार नाही अशा पेशंटच्या घरी जाते. दुखणं, धाप, उलट्या आटोक्यात ठेवते. याला हॉस्पिस केअर म्हणतात. लोकांना मी यमाची असिस्टंट वाटते. सवय झालीय.

नितीनच्या वडिलांना, परबकाकांना, लिव्हरचा कॅन्सर होता. उपचार थांबले होते. मला घरीच राहायचंय, असं काकांनी स्वतः डॉक्टरांना सांगितलं होतं. आता त्यांनी जेवणही सोडलं होतं. म्हणून नितीनला नळी हवी होती. ती नाकातून पोटात घालतात आणि पातळ अन्न सोडतात.

"उपाशी मारायचं का त्यांना?"

"त्यांना भूकच नाहीये. शरीर थकत आलं की जेवण मागत नाही. जबरदस्तीने भरलं तर उलटी होईल, छातीत जाईल. पेशंट नळी ओढतात म्हणून हॉस्पिटलात हात बांधतील. बघवेल तुला?"

"मग काहीच करायचं नाही?"

"त्यांना विचारू या ना."

ते कोणी केलंच नव्हतं. मी खाटेवर बसले. "काका, काय खावंसं वाटतं?"

काकांनी डोळे उघडले. "बांगड्याचा तिखला." म्हणजे तिरफळं घालून केलेला माशांचा तिखट रस्सा.

काकी किचनमधून बाहेर आल्या. "ता सोडून काय व्हया ता मागा," म्हणाल्या आणि परत आत गेल्या. मी मागोमाग गेले.

काकी गावच्या देवीला नवस बोलल्या होत्या. हे बरे होईपर्यंत घरात मासे शिजणार नाहीत. मालवणी घरात मासे बंद, म्हणजे कर्फ्यूच.

"आता मी बांगडे केले तर मीच कबूल केलं ना, हे बरे होत नाहीत म्हणून?"

माझ्या बॅगेत याच्यावर औषध नव्हतं. "देवीचं मला माहीत नाही, काकी. पण काका बरे होणार नाहीत. ते मला माहीत आहे."

त्या ओटा धरून रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी हाक मारली, "नितीन, बांगडे घेऊन ये. कल्ले लाल बघून घे."

तिखलं झाल्यावर मी काकांना उशा लावून बसवलं. काकींनी रश्श्यात बोट बुडवून त्यांच्या जिभेला लावलं. मग आणखी एकदा. मग काकांनी मान हलवली, बस.

"तिरफळां कमी."

"इतके दिवस ताट परत करतास, आणि आता चुका काढतास?" काकी म्हणाल्या.

नितीन हसला. मग पॅसेजमध्ये जाऊन रडला. नळीचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

काका त्याच आठवड्यात गेले. घरीच, झोपेत. मी भेटायला गेले तेव्हा काकींनी विचारलं, "मी बोललेलं मोडलं म्हणून गेले का?"

"नाही. कॅन्सरने गेले."

"नक्की?"

"नक्की."

"मगे इतके दिवस मी त्यांका बांगडे कित्याक नाय करून घातलंय?"

आता मी नव्या घरी गेले की आधी विचारते, काय खावंसं वाटतं. बीपी नंतर घेते. बीपी कुठे पळून जात नाही.