घोंगड्यातली बॅटरी

माणसानं अग्नीवर विजय मिळवला आहे. शिक्रापूरला माझ्या शेजारच्या खोलीत हा विजय रोज संध्याकाळी चार्जिंगला लागतो. शेजाऱ्याचं नाव मला ठाऊक नाही. कारखान्यातून आला की तो स्कूटरची लिथियमची बॅटरी कडेवर घेऊन जिना चढतो, पलंगाखाली ठेवतो आणि थंडी बाधू नये म्हणून तिच्यावर वडिलांचं घोंगडं पांघरतो. वडिलांनी त्यात कोकरं जगवली होती. पलंगावर त्याची लेक झोपते.

परवा बॅटरी फुगलेली दिसली. मी घाबरून म्हणालो, "अहो, पेट घेईल ही! बाहेर काढा."

"पोट भरल्यावर कुणाचं बी फुगतंच की, मामा," तो हसला आणि घोंगड्यावरून हात फिरवत राहिला.

आमच्यामधली भिंत पत्र्याची आहे. आता मी दार उघडं ठेवून झोपतो. डास फार चावतात.