रवळनाथाने कौल दिला नाही

घाटकोपरला आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. चाळिशीही गाठली नव्हती, तरी मला मध्येच कठडा धरून उभं राहावं लागे. दमा समजून बरेच महिने पंप ओढले. शेवटी एका डॉक्टरीणबाईंना माझ्या डाव्या मनगटात नाडीच लागेना, तेव्हा सगळ्या तपासण्या झाल्या. रक्तवाहिन्यांना सूज येण्याचा आजार निघाला. फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या धमन्या त्याने अरुंद झाल्या होत्या. गोळ्यांनी सूज उतरली, धमन्या मात्र अरुंदच राहिल्या. जांघेतून बारीक नळी हृदयामार्गे तिथवर न्यायची आणि टोकाचा फुगा फुगवून धमनी रुंद करायची, असं डॉक्टरांनी सुचवलं. रक्तस्राव होऊ शकतो, फुप्फुसात पाणी भरू शकतं, हेही त्यांनी लपवलं नाही. माझ्याच्याने हो म्हणवेना.

गावी दिरांना फोन करून ग्रामदैवत रवळनाथाला कौल लावायला सांगितलं; मूर्तीला लावलेली कळी उजवीकडे पडली तर हो, डावीकडे पडली तर नाही. त्यांचा उलट फोन आला, "वयनी, कळी उजवी पडूक नाय, डावीय पडूक नाय. गुरव म्हणता, तुमचा तुम्हीच ठरवा." त्या संध्याकाळी मी दिवा लावला, पण हात जोडवले नाहीत. इतकी वर्षं ज्याचं केलं, तो नेमका आताच गप्प बसला होता.

यजमान म्हणाले, "अगं, डॉक्टरांना परत भेटू तरी. नाही म्हणायचं तर तोंडावर सांग ना." म्हणून गेलो. बाकावर माझ्या शेजारी एक बाई येऊन बसली, गळ्यात क्रूस, मांडीवर डबा. माझ्याकडे बघून म्हणाली, "हा गोळ्यांनी सुजलेला चेहरा ना? माझा पण असाच झालेला." ती गोराईची, आणि आजार तोच.

"फुग्याचं केलंत?" मी विचारलं.

"दोनदा. पहिल्या वेळी खोकल्यातनं रक्त आलं, ऑक्सिजनवर होती. खोटं कशाला सांगू? पण आता जेट्टीवरनं घरी चालत जाते."

"हो म्हणायचं धाडस कसं झालं?"

"धाडस कसलं गं! लय घाबरली होती. मेरीमातेला बोलली, मी टेबलावर झोपते, पुढचं तू बघ."

तेवढ्यात तिला आत बोलावलं. आमची पाळी आली तेव्हा मी डॉक्टरांना हो म्हटलं. यजमानांनी लगेच तारीख विचारून घेतली.

टेबलावर मी पूर्ण जागी होते. फुगा फुगला की छाती आवळायची, खोकला यायचा. नाम घ्यायचं ठरवलं होतं, पण ओठावर येईना. मग डोळे मिटून अंग सैल सोडलं. त्या क्षणी जे वाटलं त्याला शांती म्हणण्यापेक्षा विसावा म्हणेन. माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं, आणि त्याचं ओझंही उरलं नव्हतं.

पुढे आणखी एकदा फुगा घालावा लागला. आज भाजीची पिशवी मीच उचलून आणते. आजार गेलेला नाही; धमन्या पुन्हा अरुंद होऊ शकतात, असं डॉक्टर सांगतात. ती बाई पुन्हा दिसली नाही. तिला कुणी धाडलं, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. तिच्यासाठी रोज हात मात्र जोडते. पूर्वी मी देवाकडे हमी मागायची. आता सकाळची गोळी घेते, नमस्कार करते आणि कामाला लागते.